हद्द, वकील, खरं

१
निपाणीचे देवचंद कॉलेज. पत्ता: अर्जुननगर, तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर. निपाणीची पोरे रोज सकाळी परराज्यात जातात, बी.ए. होतात आणि जेवायला घरी येतात.

२
कोगनोळी ओलांडली की दूधगंगेचा पूल. सीमेचा वाद पेटला की दोन्हीकडच्या बसा अलीकडे-पलीकडेच थांबतात. माणसे उतरतात, पिशव्या डोक्यावर घेतात, चालत जाऊन पलीकडची गाडी धरतात. त्या दिवशी वडापवाल्यांची चांदी.

३
कर्नाटकाच्या साध्या बसमध्ये तिथल्या बायकांना तिकीट शून्य, जून २०२३ पासून. महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना अर्धे, मार्च २०२३ पासून. दोन्ही सवलती हद्दीपर्यंतच.
कागलला माहेर आणि निपाणीला सासर असलेल्या बाईने हिशेब कसा घालायचा, हे कुठल्याच पत्रकात नाही. तिला तो तोंडपाठ आहे.

४
जुन्या कागदांत ‘वकील’ म्हणजे एका दरबाराने दुसऱ्या दरबारी ठेवलेला माणूस. बातम्या काढायच्या, गोड बोलायचे, खलिते लिहायचे. पुण्यात निजामाचा वकील, निजामाकडे पुण्याचा वकील.
आता वकील म्हणजे कोर्टातला. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. म्हणजे पुन्हा वकिलांकडेच.

५
माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. जन्म १७७९, हिंदुस्थानात आला १७९६ साली. १८०३ च्या मराठे-इंग्रज युद्धात आर्थर वेलस्लीच्या छावणीत दुभाषा आणि राजकीय मदतनीस. असईची लढाई जवळून पाहिली. याने शिपाईच व्हायला हवे होते, असे वेलस्लीचे मत पडले. झाला मुत्सद्दी.
मराठी कागदांत तो ‘अल्पिष्टन’.

६
त्याच मोहिमेत वेलस्लीबरोबर पेशव्यांच्या बाजूचे मराठी घोडदळ होते. त्याच्या दोन सरदारांपैकी एक बापू गोखले. दुसरे सिद्धोजीराव नाईक निंबाळकर, निपाणीचे देसाई, ऊर्फ अप्पा देसाई.
बापू गोखले पुढे इंग्रजांशी लढताना अष्टीला पडले, १८१८. अप्पा देसाई अंथरुणात गेले, १८३९.

७
एल्फिन्स्टनला मी ‘तो’ लिहितो, अप्पा देसायांना ‘ते’. सवय.

८
१८०७ साली तिलसितला नेपोलियन आणि रशियाचा झार यांची गळाभेट झाली. कलकत्त्यात घबराट: फ्रेंच आता इराण-अफगाणिस्तानातून येणार. मग तीन दिशांना तीन वकील निघाले. मालकम इराणला, मेटकाफ लाहोरला रणजितसिंगाकडे, एल्फिन्स्टन काबूलच्या शाह शुजाकडे.
त्याच फ्रेंचांच्या धास्तीने इंग्रजी पलटण गोव्याच्या किल्ल्यांत आधीच जाऊन बसली होती, १७९९ पासून. किल्ले पोर्तुगीजांचे, पहारा इंग्रजांचा, भीती फ्रेंचांची. गोव्याची हद्द बेळगावापासून घाट उतरला की लागते.

९
एल्फिन्स्टन फेब्रुवारी १८०९ मध्ये पेशावरला पोचला. शाह तिथेच होता. त्याच्या दंडावर कोहिनूर पाहिला. जूनमध्ये तह झाला. तहाची शाई वाळते आहे तोवर शाहचे तख्त गेले.
काबूलला एल्फिन्स्टन गेलाच नाही. १८१५ साली जाडजूड ग्रंथ छापला, काबूलच्या राज्याची हकीकत सांगणारा. त्याचे बरेचसे काम पुण्यात संगमावरच्या बंगल्यात झाले.

१०
त्याच बंगल्यात, त्याच वर्षांत, टेबलावर दुसरा कागद: चिकोडी आणि मनोळी हे परगणे कोणाचे?

११
कोल्हापूरकर म्हणत, आमचे. पेशवे म्हणत, आमचे. ताबा निपाणीकरांचा, पेशव्यांच्या नावाने. कोल्हापूर आणि निपाणी यांच्यात त्यावरून वर्षानुवर्षे मारामाऱ्या. पिके जळाली, गावे उठली.
ऑक्टोबर १८१२ मध्ये कोल्हापूरकरांशी कंपनीचा तह झाला. कोल्हापूरने मालवण कंपनीला दिले आणि चिकोडी-मनोळीवरचा हक्क सोडला. कंपनीला मालवण हवे होते, समुद्रावरच्या लुटारूंसाठी. चिकोडी-मनोळीत कंपनीला काय हवे होते? कोणी कोणाशी थेट बोलू नये, एवढेच. बोलायचे ते आमच्यामार्फत.

१२
१८१२: चिकोडी-मनोळी निपाणीकरांकडे राहिली.
१८१८: पेशवाई बुडाली. कोल्हापूरने कंपनीला साथ दिली म्हणून बक्षीस, चिकोडी-मनोळी कोल्हापूरला.
१८२७: कोल्हापूरचे महाराज ऐकेनात म्हणून दंड, चिकोडी-मनोळी कंपनीला.
१९५६: चिकोडी-मनोळी म्हैसूर राज्याला, म्हणजे आजच्या कर्नाटकाला.
शेतसारा दर वेळी त्याच कुळांनी भरला.

१३
मनोळी म्हणजे आजची मुनवळ्ळी. मलप्रभेच्या काठी, सौंदत्तीकडे. चिकोडीपासून चांगलीच लांब. तहाच्या कागदात मात्र ही दोन नावे नेहमी जोडीने येतात, नवराबायकोसारखी. एकमेकांना पाहिले होते की नाही, कोण जाणे.

१४
इथल्या मराठीत ‘खरं’ म्हणजे ‘पण’. ‘येतो म्हणाला खरं आला न्हाई.’ ‘पोरगी चांगली हाय खरं उंचीला कमी.’
पुण्याचा पाहुणा पहिल्या दिवशी गोंधळतो. त्याला वाटते, माणूस शपथेवर सांगतो आहे.

१५
१८१७-१८ चे युद्ध. अप्पा देसाई बाजीरावाच्या बाजूने होते खरं जोराने नव्हते. इंग्रजांना ते चांगले दिसले. पुढे बाजीरावाला सोडून बोलणी केली. जहागीर राहिली, कापून.
इतिहासाच्या पुस्तकांत अशा माणसाला जागा मिळत नाही. शूर म्हणता येत नाही, फितूर म्हणायला पुरावा पुरत नाही.

१६
५ नोव्हेंबर १८१७. खडकीच्या लढाईच्या दिवशी पेशव्यांच्या फौजेने संगमावरचा बंगला जाळला. एल्फिन्स्टनची पुस्तके, टिपणे, कागद, सगळे गेले. त्याचा शोक त्यातल्या कुठल्या कागदांसाठी जास्त होता, काबूलच्या की चिकोडीच्या, याचा मी अंदाज करतो.

१७
शाह शुजा: लुधियानात इंग्रजांचा पेन्शनर.
दुसरा बाजीराव: ब्रह्मावर्तात इंग्रजांचा पेन्शनर, साल आठ लाख.
दोघांशीही तह केलेला वकील एकच. पेशावर, जून १८०९. पुणे, जून १८१७.

१८
टॉमस मन्रोजवळ १८१८ साली पलटणी फारच कमी होत्या. त्याने वेगळीच युक्ती केली. आधी अमलदार आणि थोडे शिपाई पुढे पाठवायचे, गावोगाव कंपनीच्या नावाने वसुली सुरू करायची. त्याच पैशातून आणखी शिपाई ठेवायचे. किल्ल्याखाली तोफा नेऊन लावायच्या त्या मागाहून. बेळगावचा किल्ला वीसेक दिवसांच्या वेढ्यानंतर १० एप्रिल १८१८ ला पडला.
सत्ता बदलली हे रयतेला तोफेने कळले नाही. पावतीने कळले.

१९
वेढा पडला त्या किल्ल्यात कमलबस्ती आहे, जैन मंदिर, सुमारे आठशे वर्षांपूर्वीचे. छतातून दगडी कमळ खाली लोंबते. त्याच आवारात लष्कराचे तळ, आश्रम, मशीद. दारावरच्या पहारेकऱ्याला विचारले, इथून मन्रोने तोफा कुठे लावल्या होत्या? तो म्हणाला, गाडी तिकडे लावा.

२०
कंपनीच्या दप्तरात धारवाड-बेळगावच्या मुलखाचे नाव ‘सदर्न मराठा कंट्री’. त्यातली बरीच गावे कानडी बोलणारी. नाव राज्यकर्त्यांवरून पडले होते, बोलीवरून नव्हे. हेच नाव मी भाषणात पुराव्यासारखे फेकलेले ऐकले आहे. टाळ्याही ऐकल्या आहेत.
१९५६ नंतर त्याच मुलखाला लोक मुंबई-कर्नाटक म्हणू लागले. २०२१ पासून सरकारी नाव कित्तूर कर्नाटक.
मराठा, मुंबई, कित्तूर. पाऊस तेवढाच पडतो.

२१
त्या मुलखाचा मुख्य कलेक्टर आणि पोलिटिकल एजंट सेंट जॉन थॅकरे, मुक्काम धारवाड. कित्तूरचे देसाई सप्टेंबर १८२४ मध्ये निपुत्रिक वारले, जाता जाता दत्तक घेऊन. थॅकरेने दत्तक नामंजूर धरला, खजिन्याला मोहोर लावली, दारात पहारा बसवला. राणी चन्नम्मांनी अर्ज केले. उत्तर यायच्या आत २३ ऑक्टोबर उजाडला. किल्ल्याचे दार उघडले, आतून माणसे आली, थॅकरे मारला गेला. गोळी अमटूर बाळप्पाची, असे परंपरा सांगते.
पोलिटिकल एजंट हा हुद्दा बोलणी करण्यासाठी असतो.

२२
हा थॅकरे कादंबरीकार विल्यम मेकपीस थॅकरेचा सख्खा चुलता.
प्रबोधनकार ठाकऱ्यांनी आपल्या आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग त्या कादंबरीकारावरून घेतले, असे सांगतात. फेब्रुवारी १९६९ मध्ये बेळगावसाठी मुंबई पेटली, तेव्हा पोलिसांनी पकडलेल्या पुढाऱ्याचे आडनाव त्याच स्पेलिंगचे होते.
एक थॅकरे बेळगावाजवळ मेला. दुसरा बेळगावासाठी तुरुंगात गेला. मध्ये १४५ वर्षे.

२३
शाळेत संस्थाने खालसा करणारा म्हणून डलहौसी शिकवला. तो आला १८४८ साली. कित्तूर त्याच्या चोवीस वर्षे आधीचे. निपाणी नऊ वर्षे आधीची: १८३९ मध्ये अप्पा देसाई वारले, मागे औरस वारस नाही.
मुत्सद्दीपणाने त्यांनी पेशवे झेलले, कोल्हापूर झेलले, पटवर्धन झेलले, वेलस्ली, एल्फिन्स्टन, मन्रो सगळे झेलले. पाळणा हलेना, तिथे मुत्सद्दीपणा काय करणार?

२४
ऑक्टोबर १८२४: कित्तूर.
डिसेंबर १९२४: बेळगाव काँग्रेस, अध्यक्ष गांधी. काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांनी आयुष्यात एकदाच घेतले, ते इथे.

२५
कित्तूरला दोन गोरे तरुण कैद झाले. एक स्टीव्हन्सन, दुसरा वॉल्टर एलियट, वय २१. डिसेंबरच्या आरंभी सुटले. आपण काय केले असते? पहिली बोट धरली असती. एलियट याच मुलखात १८३३ पर्यंत राहिला आणि शिलालेख उतरवून घेऊ लागला. पाचशेच्या वर उतरवले. चालुक्य, कदंब, सौंदत्तीचे रट्ट यांच्या इतिहासाचा पाया त्या वह्यांत आहे.
अमरावतीच्या स्तूपाचे दगडही त्यानेच काढले. ते लंडनला गेले.

२६
१८३९ साली त्याच एलियटने या मुलखातल्या सस्तन प्राण्यांची यादी छापली. प्राण्याचे शास्त्रीय नाव, मग कानडी काय म्हणतात, मराठी काय म्हणतात, दखनी काय, वडार काय. वडारांना उंदीर चांगले ठाऊक, कारण ते खात.
एका झुडपी उंदराचे कानडी नाव गुळंदी. त्यावरून शास्त्रात आले ‘गोलुंडा’. त्याची जात एलियटच्या नावाची: गोलुंडा एलिओटी. दुसऱ्या एका उंदराचे वडारी नाव मेट्टाड. शास्त्रात तो ‘मेलटाडा’.
कंपनीच्या यादीत उंदराला चार भाषांतली नावे आहेत. आमच्या चौकातल्या पाटीवर दोन भाषा लिहायच्या तर पोलीस बंदोबस्त लागतो.

२७
संगोळ्ळी रायण्णांना जानेवारी १८३१ मध्ये नंदगडाजवळ फाशी दिले. समाधी नंदगडला, खानापूर तालुक्यात. वडाच्या झाडाला नवस बोललेले पाळणे.
१९६७ च्या महाजन अहवालाने महाराष्ट्राला जी २६४ गावे देऊ केली, त्यांत नंदगड आहे. अहवाल मानला असता तर कर्नाटकाच्या या वीराच्या समाधीचा रस्ता दुरुस्त करायचे काम महाराष्ट्राच्या बांधकाम खात्याकडे आले असते. खड्डे तेवढेच राहिले असते, असे एक मित्र म्हणतो. मित्र ठेकेदार आहे.

२८
मेहेरचंद महाजन. कांगड्याकडचे. १९४७ साली रॅडक्लिफच्या पंजाब सीमा आयोगावर चार न्यायाधीश होते, त्यांतले एक. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जम्मू-काश्मीरचे पंतप्रधान. टोळीवाले आले, महाराजांनी सामीलनाम्यावर सही केली, ते सगळे यांच्यासमोर. १९५४ साली देशाचे सरन्यायाधीश. आणि सगळ्यात शेवटी, ऑक्टोबर १९६६ मध्ये, बेळगावचा सीमा आयोग.
लाहोर, श्रीनगर, निपाणी. एका माणसाच्या वाट्याला किती हद्दी याव्यात.

२९
अहवाल ऑगस्ट १९६७ मध्ये आला. निपाणी महाराष्ट्राला, बेळगाव म्हैसूरकडेच. आयोग नेमा म्हणून महाराष्ट्राने आग्रह धरला होता. सेनापती बापटांनी उपोषण केले होते. अहवाल महाराष्ट्राने फेटाळला. आयोगाला नाखूश असलेल्या म्हैसूरने तो उचलून धरला.
महाजन त्याच वर्षी डिसेंबरात वारले. सगळ्यांचे समाधान होत नाही हे त्यांना समजून चुकले असावे. पंजाबात त्याची सवय झाली असणार.

३०
निपाणीतले एक वृद्ध तंबाखू व्यापारी. वखारीत गादीवर बसलेले, तळहातावर तंबाखूचा नमुना. मी म्हणालो, आजोबा, महाजनांनी निपाणी महाराष्ट्राला दिली होती की.
‘दिली होती खरं...’ आणि तंबाखू चोळत राहिले.

३१
इथले कॅलेंडर:
१७ जानेवारी, हुतात्मा दिन, १९५६ च्या गोळीबाराचा.
२६ जानेवारी, प्रजासत्ताक दिन आणि रायण्णांची फाशी.
२३ ऑक्टोबर, कित्तूर उत्सव.
१ नोव्हेंबर, एका रस्त्यावर राज्योत्सव, दुसऱ्यावर काळा दिन.
१ नोव्हेंबर २०१४, बेळगावचे सरकारी नाव बेळगावी.
पोलिसांची रजा या तारखांना रद्द. त्यांना विचारा, इतिहास कोणाला पाठ असतो.

३२
लक्ष्मणराव किर्लोस्कर गुर्लहोसूरचे, बेळगाव जिल्ह्यातले. १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान काढले. पुढे नांगर. नगरपालिकेने जागा सोडायला सांगितली. औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचा निवडुंगाचा माळ दिला. १९१० साली किर्लोस्करवाडी.
नांगर बेळगावच्या काळ्या रानासाठी, कारखाना औंधच्या माळावर. अशा हद्दीची तक्रार कोणी करत नाही.

३३
माळ देणाऱ्या भवानराव पंतप्रतिनिधींचे चिरंजीव अप्पासाहेब पंत. जन्म १९१२. वडील सूर्यनमस्कारांचे प्रचारक आणि चित्रकार, मुलगा बॅरिस्टर. १९३८-३९ साली बापलेकांनी गांधींच्या सल्ल्याने संस्थानाचा कारभार रयतेच्या हाती दिला. औंधचा एक तुकडा, गुणदाळ, विजापुराकडे होता. म्हणजे कानडी रयत घरातच.

३४
१९४८ मध्ये नेहरूंनी अप्पासाहेबांना नैरोबीला पाठवले, पूर्व आफ्रिकेत भारताचे कमिशनर. आफ्रिकी पुढाऱ्यांशी फार सलगी करतो, अशी इंग्रजांची तक्रार आली. १९५४ ला परत. १९५५ मध्ये गंगटोक: सिक्कीम, भूतान, आणि तिबेटातल्या भारतीय कचेऱ्या त्यांच्या हाताखाली.
हुद्दा, पोलिटिकल ऑफिसर. इंग्रजांचाच. साहेब गेला, पाटी राहिली. राहायला रेसिडेन्सी, क्लॉड व्हाइटने बांधलेली. कित्तूरच्या दारात जो हुद्दा मेला, त्याचा धाकटा भाऊ १३१ वर्षांनी हिमालयात एका संस्थानिकाच्या मुलाच्या अंगावर चढला.

३५
१९५८ साली नेहरू भूतानला गेले, बरोबर इंदिरा गांधी, वाटाडे अप्पासाहेब. भारतातून भूतानला जायला तेव्हा मोटाररस्ता नव्हता. नथू ला ओलांडून चुंबी खोऱ्यातून जायचे, घोड्यावर आणि याकवर. चुंबी खोरे तिबेटात, तिबेट चीनच्या ताब्यात. आपल्या मित्राच्या घरी जायला शेजाऱ्याच्या अंगणातून.
१९६१ मध्ये अप्पासाहेब इंडोनेशियाला गेले. १९६२ मध्ये युद्ध झाले.

३६
दोन अप्पा. एक बहुतेक आयुष्य निपाणीच्या पंचक्रोशीत घोडा नाचवत राहिले आणि साम्राज्ये त्यांच्या दारात आली. दुसरे साम्राज्ये ओसरली तिथे तिथे गेले: नैरोबी, ल्हासा, जाकार्ता, कैरो, लंडन.
पहिल्यांचा वाडा आहे. दुसऱ्यांची पुस्तके आहेत.

३७
मार्च १९८१. तंबाखूला भाव मिळावा म्हणून निपाणीच्या शेतकऱ्यांनी पुणे-बंगलोर रस्त्यावर ठाण मांडले. पुढारी शरद जोशी. शेतकरी नेता होण्याआधी ते भारतीय टपाल सेवेत होते, मग स्वित्झर्लंडात बर्न येथे जागतिक टपाल संघाच्या कचेरीत. हद्दी ओलांडून जाणाऱ्या पत्रांचा हिशेब ठेवायचे.
६ एप्रिलला गोळीबार झाला. सरकार कर्नाटकाचे, नेता महाराष्ट्राचा, मागणी भावाची. त्या रस्त्यावर बसलेल्यांत मराठी किती आणि कानडी किती, हे तेव्हा कोणी मोजले नाही.

३८
सुवर्ण विधानसौध, बेळगाव. उद्घाटन २०१२. वर्षातले एक अधिवेशन हिवाळ्यात इथे भरते, एरवी इमारत मोकळी. हायवेवरून जाताना पांढरी दिसते, कितीतरी वेळ दिसत राहते.
एल्फिन्स्टन असता तर लगेच ओळखले असते. रेसिडेन्सी अशीच बांधतात: राहण्यासाठी थोडी, दिसण्यासाठी जास्त.

३९
बसमध्ये समोरच्या बाकावर म्हातारी आणि नात. कंडक्टर आला. ‘येल्लीगे?’ म्हातारी: ‘निपाणी, यरडू.’ मग नातीला: ‘सरक की गं जरा.’ मग फोन वाजला: ‘हां भाई, कांदा कितने को दिया?’ फोन ठेवून पुटपुटली ती देवाचे नाव.
तिन्ही भाषांत व्याकरण सारखेच होते.

४०
शेताच्या हद्दीला इथे बांध म्हणतात, गावाच्या हद्दीला शीव. बांध कोरतात, वर्षाला वीतभर, नांगराच्या फाळाने, शेजारी पंढरपूरला गेला की. शीव कोणी कोरत नाही. शिवेला नारळ फोडतात, नव्या नवरीला उतरवतात, म्हसोबाला शेंदूर लावतात.
राज्याच्या हद्दीला इथल्या बोलीत अजून शब्द नाही. सगळे ‘बॉर्डर’ म्हणतात.

४१
मामांचे रान वेदगंगेच्या काठाला. शेजाऱ्याने बांध कोरला म्हणून तीन वर्षे भांडण, दोन वेळा पंचायत. शेवटी सरकारी मोजणी मागवली. परवा मोजणीदार येऊन गेला, साखळी नव्हे, यंत्र घेऊन. दगड रोवले. पंचनाम्यावर दोघांच्या सह्या.
संध्याकाळी फोन केला.
‘मामा, झाली का मोजणी?’
‘झाली खरं.’